जहाजं ग्रीकांची, बांधणी कोरियाची: मग ग्रीक यार्डं जगतात कशावर?

प्रश्न थोडक्यात असा: "मी एका ग्रीक मालकाच्या बल्क कॅरिअरवर (धान्य-कोळशासारखा सुटा माल वाहणाऱ्या बोटीवर) थर्ड इंजिनिअर आहे. जगातला जवळपास पाचवा हिस्सा टनेज ग्रीकांच्या हातात, असं ऐकतो. पण आमची बोट बांधली कोरियात आणि ड्रायडॉक झाली, म्हणजे कोरड्या गोदीत दुरुस्तीला गेली, चीनमध्ये. ग्रीसमध्ये यार्डं आहेत की नाहीत? त्यांच्या नौदलाची जहाजं मग कोण बांधतं? आणि पुढे किनाऱ्यावर यायचं ठरवलं तर तिकडे काही वाव आहे का?"

मी आधी ग्रीक मालकांच्या बोटींवर इंजिनिअर होतो, नंतर सुपरिटेंडंट, म्हणजे मालकाच्या वतीने दुरुस्तीवर देखरेख करणारा, म्हणून अथेन्सचं बंदर पिरेअस, त्याच्या आसपासच्या यार्डांत जहाजं घेऊन गेलो. त्यामुळे यार्डाबद्दल बोलेन ते जवळून पाहिलेलं आहे. लष्कराबद्दल बोलेन ते यार्डाच्या बाजूने जेवढं दिसतं तेवढं. पण या दोन्ही गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतल्या आहेत की एक सोडून दुसरी सांगता येत नाही.

पहिल्यांदा मालकी. ग्रीसची लोकसंख्या जेमतेम एक कोटी, म्हणजे आपल्या मुंबईहूनही कमी. तरी साडेपाच हजारांच्या आसपास जहाजं ग्रीक घराण्यांच्या ताब्यात आहेत. त्यातल्या बहुतेकांवर ग्रीसचा झेंडा नसतो, लायबेरिया, मार्शल आयलंड्स किंवा माल्टाचा असतो. पण निर्णय होतात ते पिरेअसच्या अक्ती मिआउलीवरच्या किंवा अथेन्सच्या दक्षिण उपनगरांतल्या ऑफिसांत. ही घराणी मूळची खिऑस, इनूसेस, अँड्रोस, कासोस, केफालोनिया अशा बेटांवरची. शेतीला जमीन कमी, म्हणून समुद्र. दुसऱ्या महायुद्धात त्यांचा बहुतांश ताफा बुडाला. 1946-47 मध्ये अमेरिकेने युद्धकाळात घाऊक बांधलेली 100 लिबर्टी जहाजं ग्रीक सरकारच्या हमीवर या मालकांना उधारीने मिळाली. आजचा ग्रीक ताफा उभा राहिला तो तिथून. त्याच प्रकारचं एक जहाज, हेलास लिबर्टी, आजही पिरेअस बंदरात संग्रहालय म्हणून उभं आहे. कधी तिकडे साइन ऑफ झालात, म्हणजे जहाजावरून उतरलात, तर त्याच्या इंजिन रूममध्ये जरूर उतरा. ट्रिपल एक्स्पान्शन स्टीम इंजिन कसं दिसतं हे पुस्तकातल्या आकृतीवरून कळत नाही.

या मालकांचा धंदा चालतो बाजाराच्या चढउतारावर. भाडी पडली की जहाजं घ्यायची, चढली की विकायची. अशा माणसाला नवं जहाज घेताना तीनच गोष्टी हव्या असतात: किंमत, डिलिव्हरीची खात्रीची तारीख आणि पाच वर्षांनी विकताना येणारा भाव. या तिन्हींत आधी जपानी यार्डांनी, मग कोरियन आणि चिनी यार्डांनी बाजी मारली. कोरियातल्या उल्सानसारख्या ठिकाणी एकाच आराखड्याची जहाजं एकामागून एक निघतात. स्टील मिल जवळ, इंजिन बनवणारा जवळ, पंप आणि व्हॉल्व्ह बनवणारे शे-दोनशे कारखाने त्याच पट्ट्यात. ग्रीसमध्ये यातलं काहीच नव्हतं आणि आजही नाही. मुख्य इंजिन बाहेरून आणायचं, जाड प्लेटा बाहेरून, डेक मशिनरी बाहेरून. मग राहते ती जोडणी आणि मजुरी, आणि मजुरी युरोपच्या दराची. देशप्रेम असलं तरी एखादा मालक दोनशे मीटरचं बल्कर तिथे बांधून घेईल हे व्यवहारात बसत नाही.

असं असूनही यार्डं आहेत, आणि चांगली आहेत. पिरेअसहून पश्चिमेला निघालात की आधी पेरामा लागतं. तिथून समोर सलामिस बेट दिसतं. त्याच सामुद्रधुनीत ख्रिस्तपूर्व 480 मध्ये ग्रीक नौकांनी इराणी आरमार मोडलं होतं, आणि त्याच बेटावर आज ग्रीक नौदलाचा मुख्य तळ आहे. थोडं पुढे स्कारामांगास, त्यापुढे एलेफ्सिना. हे सगळं गाडीने तासाभराच्या आत उरकतं. चौथं महत्त्वाचं यार्ड म्हणजे निओरिओन, ते एजियन समुद्रात सायरोस बेटावर, एर्मूपोली शहरात आहे. ते 1861 सालचं. बेटाचं अर्थकारण पिढ्यानपिढ्या त्या यार्डाच्या भोंग्यावर चालत आलेलं आहे.

स्कारामांगासची कहाणी नीट समजून घेतली तर तुमच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर तिच्यातच मिळतं. 1937 मध्ये ते नौदलासाठी सुरू झालं. युद्धात उद्ध्वस्त झालं. 1957 च्या सुमारास स्टाव्रोस निआर्खोस या जहाजमालकाने ते घेतलं आणि पूर्व भूमध्य समुद्रातलं सर्वांत मोठं यार्ड केलं. तिथे ब्रिटिश आराखड्याची एसडी14 मालवाहू जहाजं परवान्यावर बांधली गेली, म्हणजे व्यापारी जहाजबांधणी तिथे होत होती. पण पोट भरत होतं दुरुस्तीवर. सुएझवरून ये-जा करणारे टँकर, काळ्या समुद्रातून येणारे बल्कर, आणि मुख्य म्हणजे मालकाचा स्वतःचा ताफा. 1973 च्या तेलसंकटानंतर टँकरचा बाजार कोसळला, जगभर शेकडो टँकर नांगरून पडले, आणि यार्डाचं कामच आटलं. 1985 मध्ये निआर्खोस गट बाहेर पडला आणि सरकारी बँकेने यार्ड ताब्यात घेतलं. एलेफ्सिनाचं यार्ड त्याआधीच, 1975 मध्ये, सरकारकडे आलं होतं.

इथून पुढे सरकारने जे केलं ते त्या काळी सगळ्यांनाच पटण्यासारखं होतं. हजारो कामगार, निवडणुकीत त्यांची मतं, आणि समोर नौदलाची गरज. म्हणून यार्डाला नौदलाच्या ऑर्डरी दिल्या. सुरुवात चांगलीच झाली. मेको 200 वर्गाच्या चार फ्रिगेट ठरल्या. पहिली हायड्रा हॅम्बुर्गला बांधली, 1992 मध्ये नौदलात आली. उरलेल्या तीन, स्पेत्साई, प्सारा आणि सलामिस, स्कारामांगासला बांधल्या आणि 1998 पर्यंत सोपवल्या. उशीर झाला, पण जहाजं उत्तम झाली. आजही ती चालू आहेत आणि 2024 मध्ये हायड्रा लाल समुद्रात येमेनच्या हुती बंडखोरांच्या ड्रोनना तोंड देत होती.

मग आल्या पाणबुड्या. ग्रीसचं आणि जर्मन पाणबुड्यांचं नातं जुनं आहे. कील शहरातल्या एचडीडब्ल्यू यार्डाचा 209 प्रकार जगभर विकला गेला, त्याचा पहिला गिऱ्हाईक ग्रीस. ग्लाव्कोस ही पहिली बोट 1971 मध्ये आली. त्याच कुळातल्या चार बोटी पुढे आपल्या नौदलाने घेतल्या: शिशुमार आणि शंकुश कीलमध्ये बांधलेल्या, शल्की आणि शंकुल माझगाव डॉकमध्ये. 2000 साली ग्रीसने पुढचा प्रकार, 214, निवडला. पहिली पापानिकोलिस कीलमध्ये आणि पुढच्या स्कारामांगासला, असा करार. नंतर चौथी बोटही जोडली. 2002 मध्ये यार्डच एचडीडब्ल्यूच्या गटाने विकत घेतलं, म्हणजे आराखडा देणारा आणि बांधणारा एकच झाला.

पापानिकोलिसचं जलावतरण 2004 मध्ये झालं आणि चाचण्यांत ग्रीक नौदलाने ती नाकारली. मुख्य तक्रारी दोन. पृष्ठभागावर असताना खवळलेल्या समुद्रात ती फार कलते, आणि हवेवाचून चालणारी वीजयंत्रणा ठरल्याप्रमाणे शक्ती देत नाही. पहिल्या तक्रारीमागचं गणित तुम्ही नेव्हल आर्किटेक्चरमध्ये शिकला आहात, फक्त पाणबुडीला लावून पाहिलं नसेल. गोल छेदाचा हल, म्हणजे जहाजाचं बाहेरचं अंग, कितीही कलला तरी त्याचा मेटासेंटर (कललेलं जहाज ज्या बिंदूभोवती झुलतं तो) वर्तुळाच्या केंद्रातच राहतो. आपल्या बल्करला रुंद, चपट्या तळामुळे जी स्थिरता आपोआप मिळते ती पाणबुडीला मिळत नाही. तिची सगळी भिस्त गुरुत्वकेंद्र केंद्राच्या किती खाली आहे यावर. बॅटऱ्या, शिशाचं बॅलास्ट, द्रव ऑक्सिजनच्या टाक्या, वरच्या मनोऱ्याचं (सेल टॉवरचं) वजन, यातलं काहीही थोडं वर सरकलं की फरक लगेच जाणवतो. दुसरी तक्रार फ्युएल सेलची, म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज बनवणाऱ्या यंत्रणेची. 214 मध्ये 120 किलोवॉटचे दोन फ्युएल सेल, हायड्रोजन धातूच्या हायड्राइड सिलिंडरांत साठवलेला. त्या काळात हे तंत्र नवं होतं, आणि नव्या यंत्रणेची पहिली बोट घेणाऱ्याला तिचे सगळे लाड पुरवावे लागतात.

जर्मन बाजूचं म्हणणं, दोष दुरुस्त झाले. ग्रीक बाजूचं म्हणणं, आम्हाला पटलेलं नाही. या वादात सहा वर्षं गेली. 2010 च्या अखेरीस ग्रीसने बोट स्वीकारली. दरम्यान लाचेचं प्रकरण बाहेर आलं. व्यवहारातली जर्मन कंपनी फेरोस्टाल हिला 2011 मध्ये जर्मनीत सुमारे 14 कोटी युरोंचा दंड झाला, आणि करार झाला तेव्हाचे ग्रीक संरक्षणमंत्री आकिस त्सोखात्झोपुलोस यांना 2013 मध्ये अथेन्सच्या न्यायालयाने वीस वर्षांची शिक्षा सुनावली. आपल्याकडे एचडीडब्ल्यू म्हटलं की 1987 चा पाणबुडी खरेदीतल्या दलालीचा गदारोळ आठवतो. ग्रीसमध्ये त्याच्या कितीतरी पट मोठा भडका उडाला, कारण तेव्हा तिथे निवृत्तिवेतनं कापली जात होती.

पण लाचखोरीने यार्ड बुडालं, असं जे सरसकट म्हटलं जातं ते मला पटत नाही. यार्ड बुडालं ते त्याचं रोजचं काम काढून घेतलं गेल्यामुळे. ते कसं, ते सांगतो.

सरकारी यार्डाला वर्षानुवर्षं दिलेली मदत युरोपीय नियमांत बसत नव्हती. लष्करी कामाला सूट असते, व्यापारी कामाला नसते. 2008 मध्ये युरोपीय आयोगाने 23 कोटी युरोंहून जास्त मदत परत वसूल करा, असा हुकूम काढला. वसुली केली असती तर यार्डाचं दिवाळं निघालं असतं आणि अर्धवट पाणबुड्या त्यातच अडकल्या असत्या. म्हणून 2010 मध्ये तोडगा निघाला: यार्डाने व्यापारी भाग सोडून द्यायचा आणि पंधरा वर्षं व्यापारी काम करायचंच नाही, फक्त नौदलाचं करायचं. त्याच वर्षी अबू धाबीच्या एका गटाने 75.1 टक्के हिस्सा घेतला. देश कर्जात बुडालेला, नौदलाचे पैसे वेळेवर येत नव्हते, आणि व्यापारी जहाज गोदीत घेऊन चार पैसे कमवायची मनाई. 2012 पासून कामगारांचे पगार थकले, आठवड्याचे दिवस कमी झाले. शेवटी 2014 मध्ये कायदा करून नौदलाने पाणबुड्यांचं उरलेलं काम स्वतःच्या देखरेखीखाली घेतलं. पिपिनोस त्याच वर्षी दाखल झाली, मात्रोझोस आणि कात्सोनिस 2016 मध्ये. करारापासून सोळा वर्षांनी. हे काम पूर्ण करणाऱ्या वेल्डरांबद्दल आणि फिटरांबद्दल मला मनापासून आदर आहे. पगाराची शाश्वती नसताना प्रेशर हलची, म्हणजे पाण्याचा दाब झेलणाऱ्या कवचाची, वेल्डिंग करणं आणि ती एक्स-रेमध्ये पास होणं, हे कोणाही ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे.

वसुली मात्र तरीही झाली नाही, आणि 2018 मध्ये युरोपीय न्यायालयाने ग्रीसला एक कोटी युरो दंड आणि पुढे प्रत्येक सहा महिन्यांना 73 लाखांच्या घरात वेगळा दंड ठोठावला.

आता रोजचं काम म्हणजे काय, ते यार्डात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. व्यापारी जहाजाला पाच वर्षांत दोनदा तळ तपासून घ्यावा लागतो, दोन तपासण्यांत 36 महिन्यांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. जहाज ब्लॉकवर (आधाराच्या ठोकळ्यांवर) बसलं, गोदीतलं पाणी उतरलं की त्याच संध्याकाळी काम सुरू होतं. प्रॉपेलरच्या पुढचा रोप गार्ड (दोर अडकू नये म्हणून लावलेलं कवच) कापून काढतात. प्रॉपेलरचा दांडा ज्या नळीतून बाहेर येतो त्या स्टर्न ट्यूबच्या मागच्या (आफ्ट) सीलमधला छोटा प्लग उघडून त्यातून वेअर-डाऊन गेज घालायचं, शाफ्टला टेकवायचं आणि आकडा वाचायचा. तोच आकडा जहाज नवं असताना नोंदवलेला असतो. दोन्हींतला फरक म्हणजे टेल शाफ्ट, म्हणजे तोच दांडा, बेअरिंगमध्ये किती खाली बसला. मिलिमीटरच्या दशांशांत हे वाचायचं असतं आणि त्यावर ठरतं की शाफ्ट काढायचा की फक्त सील बदलून पाणी सोडायचं. समोर क्लासचा (जहाजाला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा) सर्व्हेअर, बाजूला यार्डाचा फोरमन, आणि मागे फोनवर ऑफिस, कारण जहाज ऑफ-हायर आहे, म्हणजे भाडं बंद आहे, आणि प्रत्येक दिवसाचे पैसे जात आहेत. पेरामातला एक म्हातारा फोरमन गेज हातात घेण्याआधी चिंधीने प्लगची बैठक दोनदा पुसायचा आणि मगच मला वाचायला द्यायचा. "आधी घाण मोजू नकोस," एवढंच म्हणायचा.

पेरामा हे म्हणजे एक यार्ड नव्हे, धक्क्यालगतची शेकडो छोट्या वर्कशॉपांची वस्ती आहे. एक पाइपवाला, एक इलेक्ट्रिशियन, एक स्टीलवाला, एक व्हॉल्व्ह ग्राइंड करणारा. जहाज धक्क्याला लावून प्लेटा बदलतात. आधी अल्ट्रासाउंडने जाडी मोजायची, हद्दीपेक्षा झिजलेल्या प्लेटेवर सर्व्हेअर खडूने चौकट काढतो, तेवढा तुकडा कापून नवा बसवायचा, आणि बिल किलोवर. ही माणसं कुशल आहेत, पण त्यांची सुरक्षा बराच काळ वाऱ्यावर होती. 2008 च्या जुलैत तिथे एका गॅसवाहू जहाजावर स्फोट होऊन आठ कामगार दगावले. तेव्हापासून ग्रीसमध्ये कुठल्याही टाकीत हॉट वर्क (वेल्डिंग-कटिंगसारखं ठिणग्यांचं काम) करायचं असेल तर केमिस्टचं गॅस-फ्री सर्टिफिकेट हातात आल्याशिवाय मी माणूस आत जाऊ देत नाही, मग चार तास वाया गेले तरी चालतील. तुम्हीही देऊ नका. सर्टिफिकेट सकाळचं असेल आणि दुपारी शेजारच्या टाकीतला पाइप उघडला असेल, तर ते सर्टिफिकेट रद्दच समजा.

हे रोजचं काम यार्डाला दोन गोष्टी देतं: दर महिन्याला येणारा पैसा आणि हात चालू असलेले कारागीर. नौदलाची ऑर्डर दहा-पंधरा वर्षांतून एकदा येते, तीही संसदेच्या मंजुरीने, निवडणुकीने, कर्जाने मागेपुढे होणारी. मधल्या काळात वेल्डर कुठे ठेवायचे? मुंबईने हे अनुभवलं आहे. शंकुल 1994 मध्ये दाखल झाली, त्यानंतर माझगाव डॉकचा पाणबुडी विभाग रिकामा पडला. फ्रेंच स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार 2005 मध्ये झाला आणि त्यातली पहिली, कलवरी, नौदलात आली ती 2017 मध्ये. मधल्या काळात शिकलेली माणसं निवृत्त झाली, काही आखातात गेली. आता माझगाव डॉक पुन्हा जर्मन 214 वर आधारलेल्या पाणबुड्यांच्या बोलणीत आहे. तिथल्या लोकांनी स्कारामांगासची फाइल बारकाईने वाचावी असं मला फार वाटतं, विशेषतः त्यातली 2010 ते 2014 ची पानं.

ग्रीसमध्ये गाडी परत रुळावर आली ती याच दिशेने. निओरिओन 2018 नंतर ओनेक्स या कंपनीकडे गेलं, आणि बंद पडलेलं बेट काही महिन्यांत पुन्हा गजबजलं. जहाजं रांगेने येऊ लागली, कारण 2020 च्या सल्फर नियमासाठी स्क्रबर (धुरातलं सल्फर धुऊन काढणारी यंत्रणा) बसवायचे होते आणि बॅलास्टचं पाणी शुद्ध करणारी यंत्रणा बसवायची मुदत डोक्यावर होती. त्याच कंपनीने मग एलेफ्सिना घेतलं, त्यासाठी अमेरिकी सरकारच्या विकास वित्तसंस्थेने साडेबारा कोटी डॉलर कर्ज देऊ केलं. आणि 2023 मध्ये स्कारामांगास घेतलं ते जॉर्ज प्रोकोपिऊ यांनी, म्हणजे टँकर, बल्कर आणि गॅसवाहू जहाजांचा मोठा ताफा असलेल्या मालकाने. निआर्खोसच्या काळासारखं चित्र पुन्हा जमलं: गोदी ज्याची, जहाजंही त्याची. माझ्या मते या यार्डाच्या बाबतीत गेल्या चाळीस वर्षांत झालेली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट.

स्पर्धा मात्र शेजारीच आहे. तुर्कस्तानात तुझला आणि यालोवाची यार्डं स्वस्त आणि झटपट आहेत, आणि ग्रीक मालकांची कितीतरी जहाजं तिथेच ड्रायडॉक होतात. एजियनवर दोन्ही देशांची लढाऊ विमानं एकमेकांच्या मागे असतात, आणि त्याच दिवशी खिऑसच्या मालकाची बोट तुझलात ब्लॉकवर बसलेली असते. मी दोन्हीकडे काम केलं आहे. तुर्की फोरमन आणि ग्रीक फोरमन एकमेकांना नावाने ओळखतात.

आता लष्कर. एवढ्या लहान देशाला एवढं सैन्य का लागतं, याचं उत्तर नकाशात आहे. ग्रीसची शेकडो बेटं तुर्की किनाऱ्याला चिकटून आहेत. कास्तेलोरिझो तर तुर्कस्तानच्या काश गावापासून दोन-तीन किलोमीटरवर. ग्रीसची सागरी हद्द एजियनमध्ये सहा मैलांची आहे. ती बारा केली तर युद्धाचं कारण समजू, असा ठराव तुर्की संसदेने 1995 मध्ये केला. पुढच्याच वर्षी, 31 जानेवारी 1996 च्या पहाटे, इमिया नावाच्या दोन ओसाड खडकांवरून दोन्ही नौदलं समोरासमोर आली आणि ग्रीक हेलिकॉप्टर कोसळून तीन अधिकारी गेले. त्यांतल्या काराथानासिस आणि व्लाखाकोस यांची नावं आज एलेफ्सिनात बांधलेल्या दोन क्षेपणास्त्रवाहू बोटींवर आहेत. त्या बोटी म्हणजे सात जहाजांच्या रूसेन वर्गातल्या शेवटच्या दोन. पहिल्या तीन 2000 साली मागवल्या, शेवटची 2022 मध्ये दाखल झाली. यार्ड दिवाळखोरीत आणि अर्धवट बोटी स्लिपवर (बांधणीच्या उतारावर), अशी वर्षं मधे गेली.

नाटोमध्ये दोघंही 1952 पासून आहेत, पण ग्रीक सेनापतींच्या योजनांमध्ये पहिला धोका तुर्कस्तानचाच. म्हणून सक्तीची लष्करी सेवा अजून आहे, म्हणून देशाच्या उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आसपास खर्च संरक्षणावर होतो. कर्जाच्या दशकात खरेदी थांबली होती, 2021 पासून ती जोरात सुरू झाली: फ्रान्सकडून 24 राफाल, तानाग्राच्या सरकारी विमान कारखान्यात 83 एफ-16 चं आधुनिकीकरण, 2024 मध्ये 20 एफ-35 चा करार. रणगाड्यांत 170 लेपर्ड 2 ची ग्रीक आवृत्ती आहे. यात मी खोलात जात नाही, ते माझं क्षेत्र नव्हे.

नौदलाचं सांगतो. 2022 मध्ये फ्रान्सच्या नेव्हल ग्रुपशी तीन फ्रिगेटचा करार झाला, नंतर चौथी जोडली. किमॉन, नेआर्खोस, फोर्मिऑन, थेमिस्तोक्लिस अशी नावं, सगळी प्राचीन आरमारातली. आणि इथे ग्रीकांनी जुन्या चुकीवरून काय घेतलं ते दिसतं. अख्खी जहाजं ग्रीसमध्ये बांधायचा हट्ट धरला नाही. जोडणी फ्रान्समध्ये लोरियाँला, पण हलचे काही ब्लॉक, म्हणजे तयार तुकडे, सलामिस बेटावरच्या खासगी यार्डात बनतात. ते यार्ड व्यापारी दुरुस्तीवर जगतं आणि ब्लॉकचं काम वरकड म्हणून करतं. त्यातून एकदम हजारोंना नोकऱ्या मिळत नाहीत, त्यामुळे राजकारण्यांना फीत कापायला कमी मिळतं. पण वेल्डर टिकतो.

मालकांचा आणि नौदलाचा संबंध लाल समुद्रात उघड झाला. फेब्रुवारी 2024 मध्ये युरोपने व्यापारी जहाजांच्या रक्षणासाठी आस्पिदेस मोहीम सुरू केली, तिचं मुख्यालय ग्रीसमधल्या लारिसाला. ऑगस्टमध्ये सुनिऑन हा ग्रीक झेंड्याचा टँकर हुतींच्या हल्ल्यात दीड लाख टन कच्च्या तेलासह पेटला. जुलै 2025 मध्ये मॅजिक सीज आणि इटर्निटी सी ही ग्रीक कंपन्यांची दोन बल्करं बुडाली, दुसऱ्यावरचे काही खलाशी जिवाला मुकले. साडेपाच हजार जहाजांना दहा-बारा फ्रिगेट पुरणार नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. तुम्ही त्या पट्ट्यातून जात असाल तर कंपनीचं रिस्क असेसमेंट सही करण्याआधी वाचा. आणि जहाजाने, किंवा त्याच मालकाच्या दुसऱ्या कुठल्याही जहाजाने, अलीकडे इस्रायली बंदर गाठलं होतं का हे विचारा. तिथे जहाजाचा झेंडा न बघता मालकाचा इतिहास बघून नेम धरला गेला आहे.

एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. पिरेअसजवळ फालिरोला अव्हेरोफ ही जुनी क्रूझर संग्रहालय म्हणून आहे. इटलीत लिव्होर्नोला बांधलेली, जवळपास एक तृतीयांश पैसा एका ग्रीक व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रातून आलेला. बाल्कन युद्धात, डिसेंबर 1912 आणि जानेवारी 1913 मध्ये, एली आणि लेम्नोसच्या लढायांत तिने तुर्की आरमाराला दार्दानेल्सबाहेर येऊ दिलं नाही. 1941 मध्ये जर्मन आले तेव्हा ती निसटून अलेक्झांड्रियाला गेली आणि मग 1942 च्या नोव्हेंबरपर्यंत तिचा तळ होता आपली मुंबई. हिंदी महासागरात काफिल्यांचं संरक्षण तिने इथून केलं. बॅलार्ड पिअरच्या परिसरातून जाताना मला हे नेहमी आठवतं.

आता तुमच्या नोकरीचं. लष्करी विभागात परदेशी माणसाला दार बंद आहे, तो विचार सोडा. यार्डात फोरमन किंवा प्रोजेक्ट मॅनेजर व्हायला ग्रीक भाषा लागते, आणि नुसती ऑफिसातली नव्हे, धक्क्यावरची. खरा वाव आहे मालकाच्या टेक्निकल ऑफिसात. बऱ्याच ग्रीक मालकांनी मुंबईत क्रूइंग (खलाशी भरतीची) ऑफिसं काढली आहेत, पण सुपरिटेंडंट निवडतात ते पिरेअसमध्ये, आणि निवडताना सी टाइमइतकंच बघतात की याने ड्रायडॉक किती जवळून पाहिला आहे. बहुतेक ज्युनियर ड्रायडॉकमध्ये इंजिन रूममध्येच अडकून पडतात. पुढच्या वेळी चीफना आधीच सांगा की वेअर-डाऊन, रडर क्लिअरन्स (सुकाणूच्या बेअरिंगमधली फट) आणि सी चेस्टच्या (समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या पेटीच्या) तपासणीला मला खाली उतरू द्या. डॉकिंग स्पेसिफिकेशनची प्रत मागून घ्या, यार्डाचं कोटेशन आणि शेवटचं बिल दोन्ही शेजारी ठेवून प्रत्येक ओळीत फरक का पडला ते विचारा. स्टीलचे किलो कुठे वाढले, स्टेजिंग (परांची) वेगळं का लावलं, शोअर पॉवरचा (यार्डाने दिलेल्या विजेचा) दर काय होता. क्लास वन (चीफ इंजिनिअरची परीक्षा) झाल्यावर मुलाखतीत हेच विचारतात. आणि कंपनीने चीनऐवजी सायरोस किंवा स्कारामांगासला डॉकिंग ठेवलं असेल तर तुमचं साइन ऑफ महिनाभर पुढे ढकलता आलं तर ढकला.